लाल डोळ्यांवरचे थेंब : बाटली उचलण्याआधी लेबल वाचा

घरात कार्य आहे. रात्रभराचे जागरण, त्यात होमाचा धूर. सकाळी आरशात पाहावे तर डोळे लालभडक! फोटोग्राफर तर दारात येऊन उभा. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवते, ''कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून थेंब आणा, पाच मिनिटांत डोळे स्वच्छ होतील.'' थेंब येतात, घातले जातात आणि डोळे खरोखरच निवळतात. कार्य पार पडते, पण बाटली घरातच राहते. मग कोणी स्कूटरवरून धुळीतून आले की दोन थेंब, कॉम्प्युटरवर उशिरापर्यंत काम झाले की दोन थेंब आणि मुलाने डोळे चोळले की त्यालाही दोन थेंब!

या बाटलीत नेमके काय आहे, सगळ्या बाटल्या सारख्याच असतात का आणि किती दिवस वापरल्या तर चालतात, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. डोळे पांढरे झाले म्हणजे बरे झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात लाली घालवणे आणि लालीचे कारण घालवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

थेंब नेमके करतात काय?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असते. त्यात केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. एरवी त्या दिसत नाहीत. धूळ, धूर, जागरण, ऍलर्जी किंवा जंतुसंसर्ग यांपैकी कशानेही डोळा चिडला की या वाहिन्या रुंदावतात, त्यांत जास्त रक्त येते आणि डोळा लाल दिसू लागतो.

लाली घालवणारे थेंब या वाहिन्यांना आकुंचन पावायला लावतात. वाहिन्या आकसल्या की रक्त कमी झाले आणि रक्त कमी झाले की लाली गेली. परंतु वाहिन्या ज्या कारणाने रुंदावल्या होत्या, ते कारण तिथेच राहते.

नावे अनेक, काम एक

दुकानात बाटल्यांची नावे आणि रंगीत खोकी पुष्कळ दिसतात. तुलना करायची तर नावाची नव्हे, लेबलवर बारीक अक्षरात छापलेल्या औषधाची करावी. जगभर या कामासाठी वापरली जाणारी प्रमुख औषधे मोजकीच आहेत.

नॅफाझोलिन : आपल्याकडे हे सर्वाधिक आढळते. साधारण दहा मिनिटांत गुण दिसतो आणि तो दोन ते सहा तास टिकतो. अमेरिकेत विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या थेंबांसाठी १९८८ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार याचे प्रमाण ०.०१ ते ०.०३ टक्के इतकेच ठेवता येते. आपल्याकडच्या काही बाटल्यांवर ०.०५ टक्के किंवा त्याहूनही अधिक प्रमाण छापलेले असते. म्हणून आकडा जरूर पाहावा.

टेट्राहायड्रोझोलिन : परदेशातून येणारे नातेवाईक 'व्हिजिन'ची बाटली आणतात. तिच्या लाली घालवणाऱ्या मूळ प्रकारात हे औषध ०.०५ टक्के असते. गुण लवकर येतो, पण एक ते चार तासांतच ओसरतो.

फिनाइलएफ्रिन : लाली घालवण्यासाठी याचे प्रमाण ०.१२ टक्क्यांच्या आसपास असते. गुण सर्वांत कमी, तासा-दीड तासापुरताच टिकतो. हेच औषध ५ किंवा १० टक्के प्रमाणात नेत्रतज्ज्ञ डोळे तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी वापरतात. नाव एक, पण ताकदीत चाळीस ते ऐंशी पटींचा फरक! तेव्हा डॉक्टरांकडची जुनी बाटली 'तेच तर औषध आहे' म्हणून घरी कधीही वापरू नये.

ऑक्सिमेटाझोलिन : डोळ्यांसाठी याचे ०.०२५ टक्क्यांचे थेंब निघाले आणि त्यांचा गुण चार ते सहा तास टिकतो. आपल्याकडे मात्र हे नाव चोंदलेल्या नाकाच्या औषधावर वाचायला मिळते. नाकाचे थेंब डोळ्यात घालण्याचा प्रयोग कोणी करू नये. त्यांचे प्रमाण वेगळे असते आणि ते डोळ्यांसाठी बनवलेले नसतात.

ब्रिमोनिडिन : या यादीतले हे सर्वांत नवे औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१७ मध्ये याच्या ०.०२५ टक्क्यांच्या थेंबांना विनाचिठ्ठी विक्रीची परवानगी दिली. तिथे ते 'ल्युमिफाय' या नावाने मिळतात. मिनिटाभरात गुण दिसतो आणि तो आठ तासांपर्यंत टिकू शकतो. बाकीची औषधे मुख्यतः रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आवळतात, तर हे मुख्यतः रक्त परत नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांवर काम करते. त्यामुळे चाचण्यांत थेंब बंद केल्यावर लाली उसळून येण्याचे प्रमाण कमी आढळले. परंतु ब्रिमोनिडिनचेच ०.१५ आणि ०.२ टक्क्यांचे थेंब काचबिंदूच्या रुग्णांना दिले जातात. घरातल्या आजोबांची ती बाटली नातवंडांच्या लाल डोळ्यांसाठी नाही.

आपल्याकडची मिश्रणे

भारतातील अनेक बाटल्यांत एकटे नॅफाझोलिन नसते. त्यासोबत क्लोरफेनिरामिन हे ऍलर्जीवरील औषध, झिंक सल्फेट, बोरिक ऍसिड, कधी फिनाइलएफ्रिन, तर कधी मेंथॉल आणि कापूर असतो. क्लोरफेनिरामिनमुळे खाज थोडी कमी होते. मेंथॉल आणि कापराने डोळ्यात गारवा जाणवतो. हा गारवा पुष्कळांना आवडतो आणि 'औषध लागू पडले' असे वाटते. पण गारवा म्हणजे उपचार नव्हे. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत, त्यांना अशा थेंबांनी उलट जास्त चुरचुरते.

बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून बहुतेक थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते. कॉन्टॅक्ट लेन्स ते शोषून घेते. म्हणून लेन्स काढून थेंब घालावेत आणि किमान पंधरा मिनिटांनीच लेन्स पुन्हा बसवावी.

लाली उसळून का येते?

दोन-चार दिवस थेंब घातले की काहींना वेगळाच अनुभव येतो. सकाळी थेंब घातले की दुपारी डोळे पहिल्यापेक्षा लाल. मग पुन्हा थेंब. संध्याकाळी पुन्हा लाल. पूर्वी चार तास पुरणारा थेंब आता दोन तासही पुरत नाही.

याचे कारण सरळ आहे. वाहिन्या आवळल्या की रक्ताबरोबर येणारा ऑक्सिजनही कमी होतो. औषधाचा अंमल उतरताच वाहिन्या पूर्वीपेक्षा अधिक रुंदावतात. शिवाय वारंवार वापरल्याने वाहिन्यांना औषधाची सवय होते आणि ती दाद देईनाशी होतात. अशा रीतीने मूळ कारण निघून गेले तरी थेंबांमुळेच डोळे लाल राहू लागतात. यावर उपाय एकच : थेंब बंद करणे. सुरुवातीला लाली वाढलेली दिसेल, पण हळूहळू ती ओसरते. फार दिवसांची सवय असेल तर नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने थेंब थांबवावेत.

म्हणूनच अमेरिकेत या बाटल्यांवर सूचना असते की, ७२ तासांनंतरही लाली राहिली किंवा वाढली तर थेंब थांबवून डॉक्टरांना दाखवावे. बाटली भारतातली असली तरी घरात हाच तीन दिवसांचा नियम पाळणे शहाणपणाचे.

ही लाली थेंबांची नव्हे

काही प्रकारच्या लालीवर या थेंबांचा काही उपयोग नसतो.

डोळ्यांची साथ : २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रापासून दिल्लीपर्यंत डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती. १९७१ सालची साथ तर बंगालमध्ये 'जय बांगला' या नावाने आजही जुन्या माणसांच्या लक्षात आहे. अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात. थेंबांनी लाली झाकली जाते, विषाणू मात्र तिथेच असतो. डोळे पांढरे दिसतात म्हणून मूल शाळेत जाते आणि साथ आणखी पसरते. त्यातच घरभर एकच बाटली फिरली, तर एकाचा संसर्ग सर्वांना होतो.

रक्ताचा डाग : कधी जोराचा खोकला किंवा शिंक आल्यावर पांढऱ्या भागावर गडद लाल डाग उमटतो. पाहणारा घाबरतो, पण दुखत मात्र नाही. हे रक्त वाहिनीबाहेर आलेले असते. त्यामुळे वाहिन्या आवळून उपयोग नाही. हा डाग एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. तो वारंवार येत असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्तदाब तपासून घ्यावा आणि डॉक्टरांना सांगावे.

कोरडेपणा : पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. डोळे सुकतात आणि लाल होतात. यासाठी कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजसारखे ओलावा देणारे, म्हणजेच 'कृत्रिम अश्रूं'चे थेंब बरे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहणे आणि मुद्दाम पापण्या मिटणे यानेही आराम पडतो.

ऍलर्जी : लालीपेक्षा खाज जास्त असेल, तर डॉक्टर ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनसारखे ऍलर्जीवरचे थेंब देतात. तोपर्यंत मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवावी आणि डोळे चोळू नयेत.

कोणी दूर राहावे?

काहींच्या डोळ्यांत पाणी वाहून जाण्याचा मार्ग मुळातच अरुंद असतो. या थेंबांनी बाहुली थोडी मोठी होऊ शकते, मार्ग बंद होतो आणि डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो. म्हणून काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे थेंब घालू नयेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, नैराश्यावरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनीही आधी विचारावे. डोळ्यातील थेंब नाकावाटे घशात उतरतो आणि रक्तातही मिसळतो, हे लक्षात ठेवावे.

घरात लहान मूल असेल तर

ही बाटली देवघरातल्या कोनाड्यात किंवा टीव्हीवर ठेवण्याजोगी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये इशारा दिला होता. १९८५ पासून तोवर एक महिना ते पाच वर्षे वयाच्या मुलांनी असे डोळ्यांचे किंवा नाकाचे थेंब गिळल्याच्या ९६ घटना त्यांच्या नोंदीत होत्या. एक-दोन मिलिलिटर, म्हणजे अर्धा छोटा चमचाही नव्हे, इतके औषध मुलासाठी गंभीर ठरू शकते. मूल गुंगते, हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास संथ होतो. असे घडले तर वाट न पाहता बाटलीसह इस्पितळ गाठावे.

'जालीम' बाटलीपासून सावध

कधी दुकानदार सांगतो, ''त्या थेंबांनी काही होणार नाही, हे घाला, लगेच उतरेल.'' हातात पडलेल्या त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेले असेल तर ते स्टिरॉइड आहे. कायद्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे असते. त्याने लाली झटकन जाते खरी, पण मनाने महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. दर उन्हाळ्यात ज्या मुलांचे डोळे खाजून लाल होतात, त्यांच्या पालकांनी हे विशेष जपावे. मागच्या वर्षीची चिठ्ठी यंदा चालत नाही.

घालण्याची रीत

हात साबणाने धुवावेत. मान मागे करून खालची पापणी हलकेच ओढावी आणि एकच थेंब टाकावा. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच ओघळतो. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा. त्यामुळे औषध घशात कमी उतरते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालू नये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहावी आणि महिन्याने उरलेले औषध टाकून द्यावे.

थेंब नको, डॉक्टर गाठा

• डोळा नुसता लाल नाही, दुखतही आहे.

• अंधुक दिसते, प्रकाश सहन होत नाही किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात.

• डोळ्याला मार लागला आहे किंवा काही टोचले आहे.

• चुना, ऍसिड किंवा फिनेल उडाले आहे. अशा वेळी आधी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच निघावे.

• कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखतो आहे.

• डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे.

• तान्ह्या बाळाचा डोळा लाल आहे किंवा चिकटतो आहे.

यातले काहीही नसेल, धुराने किंवा जागरणाने डोळे नुसतेच लाल झाले असतील आणि चारचौघांत जायचे असेल, तर एखाद्या दिवशी एक थेंब घालायला हरकत नाही. निवड करताना एकच मुख्य औषध असलेली, कमी प्रमाणाची बाटली घ्यावी. कापूर-मेंथॉलच्या गारव्यावर किंवा खोक्यावरच्या चमकदार डोळ्यांच्या चित्रावर जाऊ नये. आणि चौथ्या दिवशीही बाटलीकडे हात जाऊ लागला, तर ती बाजूला ठेवून नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्यावी.