फुगा फुटला, रडू फुटलं, पेपरही फुटला!

मुलांनो, आपल्या मराठीत किती गोष्टी फुटतात, कधी मोजून पाहिलंय? फुगा फुटतो, फटाका फुटतो, काच फुटते, नारळ फुटतो. हे झालं साधंसुधं. पण रडूही फुटतं, घाम फुटतो, बियाण्याला कोंब फुटतो, झाडाला पालवी फुटते, उसाला फुटवे फुटतात. परीक्षेचा पेपर फुटतो, राजकीय पक्ष फुटतात, आणि युद्धाला तर चक्क तोंड फुटतं! एकट्या 'फुटणे' या क्रियापदावर आपला एवढा मोठा संसार चालतो.

आता वर्गात विचारा, 'फुटणे'ला इंग्रजीत काय म्हणतात? दोन आवाज येतील. एक म्हणेल 'ब्रेक', दुसरा म्हणेल 'बर्स्ट'. दोघांचंही बरोबर, आणि दोघांचंही अर्धवट! आज आपण त्यातल्या 'बर्स्ट'च्या मागे लागू या, कारण मुलं जास्त अडखळतात ती तिथंच.

काच फुटते ती कशानं? बाहेरून चेंडू लागला म्हणून. नारळ फुटतो तो दगडावर आपटला म्हणून. घाव बाहेरचा. इथे इंग्रजीत 'ब्रेक'. फुग्याचं तसं नाही. आत हवा कोंबत जावी, रबर ताणत जावं, आणि एका क्षणी, फट्! आतून दाब वाढला, बाहेरच्या आवरणाला तो सोसवेना आणि सगळं एकदम बाहेर आलं, म्हणजे 'बर्स्ट'. सायकलची ट्यूब उन्हात फुटते तेव्हा 'बर्स्ट', नळाची पाइप फुटते तेव्हाही 'बर्स्ट'. दोन गोष्टी ध्यानात धरा. आतला दाब आणि अचानकपणा.

अचानकपणा नसेल तर? आपल्या संगमनेर तालुक्यात डाळिंबाच्या बागा आहेत. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना माहीत असेल, बरेच दिवस पाण्याचा ताण पडला आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, की आतले दाणे फुगतात, पण साल मात्र टणक झालेली असते. मग फळ तडकतं. इथं दाब तर आतूनच आहे. पण आवाज नाही, उडणं नाही. म्हणून इंग्रजीत त्याला 'क्रॅक' म्हणतात, 'बर्स्ट' म्हणत नाहीत. आपला शेतकरीसुद्धा 'डाळिंब तडकलं' असंच म्हणतो, बघा!

आता पाण्याचं उदाहरण घेऊ. प्रवरा नदीवर, वर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याचं धरण आहे. १९२६ साली ते पुरं झालं. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडून पाणी खाली सोडतात. त्याला 'रिलीज' म्हणायचं. माणसानं ठरवून, मोजून सोडलेलं पाणी ते. नदीला पूर येऊन पाणी काठ सोडून गावात शिरलं, तर इंग्रज म्हणतो, 'द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स'. आणि १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळ जे झालं, त्याला दुसरा शब्दच नाही. पानशेतचं मातीचं धरण, अजून काम पुरतं संपलेलंही नव्हतं, ते फुटलं. त्याचं पाणी खाली खडकवासल्याच्या धरणात आलं, ते जुनं धरणही टिकलं नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं अजून 'पानशेतच्या पुरात' असं म्हणून काळ मोजतात. इंग्रजीत लिहायचं तर, 'द पानशेत डॅम बर्स्ट इन १९६१.'

थांबा, काहीतरी खटकलं का? गोष्ट भूतकाळातली आणि शब्द मात्र तोच! होय, हे क्रियापद 'कट', 'पुट', 'हिट' यांच्या पंगतीत बसतं. काल फुटला तरी 'बर्स्ट', फुटलेला तरी 'बर्स्ट'. शेवटी 'एड' जोडून 'बर्स्टेड' करायचं नाही. वर्तमानकाळात मात्र एकट्या फुग्याला 'स' लागतो, 'बर्स्टस्'. एवढं जपलं की व्याकरण संपलं. आणखी एक सोय पाहा. मराठीत फुगा आपोआप 'फुटतो' आणि दादा तो 'फोडतो', शब्द बदलावा लागतो. इंग्रजीत दोन्हीला 'बर्स्ट'च. इथं मराठी जास्त चोख आहे असं माझं मत!

आता मुख्य गंमत. इंग्रजांनी हा दाब माणसाच्या आतही मोजला. डोळ्यांत पाणी दाटलंय, ओठ थरथरताहेत, 'काही नाही' म्हणून आपण मान वळवलीय, तेवढ्यात आईनं पाठीवर हात ठेवला. संपलं! बांध फुटला. 'शी बर्स्ट इनटू टिअर्स.' नाहीतर, 'शी बर्स्ट आउट क्राइंग.' आपणही म्हणतो ना, रडू फुटलं, हंबरडा फोडला?

ही दोन्ही वाक्यं नीट पाहा. 'इनटू'च्या पुढं नाम येतं, म्हणजे 'टिअर्स' किंवा 'लाफ्टर'. 'आउट'च्या पुढं मात्र 'इंग' लागलेलं क्रियापद, म्हणजे 'क्राइंग' किंवा 'लाफिंग'. 'बर्स्ट आउट इनटू लाफिंग' अशी खिचडी करू नका. मी वर्गात हातांनी करून दाखवते. 'इनटू' म्हणताना ओंजळ पुढे, कारण त्यात वस्तू पडायची आहे. 'आउट' म्हणताना बोटं उघडायची, कारण कृती चालू आहे. मुलांना हे बरोबर लक्षात राहतं.

एकदा माझ्या पाचवीच्या वर्गात एका मुलीनं मोठ्या हिमतीनं उभं राहून वाक्य केलं, 'द पेपर बर्स्ट.' तिला म्हणायचं होतं, पेपर फुटला. मागच्या बाकावरची मुलं खदाखदा हसली. ती खाली बसली आणि पुस्तकात तोंड घातलं. मी फळ्यावर लिहिलं, 'द बॉईज बर्स्ट आउट लाफिंग', आणि हसणाऱ्यांनाच विचारलं, 'आता सांगा, पेपर फुटण्याला काय म्हणायचं?' कुणालाच येईना! 'पेपर लीक झाला' हे रोजच्या बातम्यांत ऐकलेलं, पण वेळेवर आठवलं नाही. मग मी त्यांना म्हटलं, हिनं निदान विचार तरी केला. 'फुटणे' म्हणजे 'बर्स्ट' हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ते लावून पाहिलं. पाणी टाकीतून झिरपावं तशी प्रश्नपत्रिका गुपचूप बाहेर येते, म्हणून इंग्रजीत 'लीक'. स्फोट होत नाही, हेच तर त्या चोरांना हवं असतं! त्या दिवसानंतर ती मुलगी हात वर करायची की नाही? करायची, पण आधी मागच्या बाकाकडे बघून. एका हशाचा परिणाम किती दिवस राहतो पाहा.

पालकांनो, हे तुमच्यासाठीही. आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आई-बाबांपैकी पुष्कळांनी ए-बी-सी-डी गिरवली ती पाचवीत. त्यामुळे घरी मुलानं विचारलं की 'मला इंग्रजी येत नाही रे' असं आपण म्हणून टाकतो. पण 'रडू कधी फुटतं रे?' हे तर तुम्ही त्याला सांगू शकता ना? तेवढं कळलं की 'बर्स्ट' अर्धा कळला.

'बर्स्ट'ची भावंडंही आहेत. ज्वालामुखीला 'बर्स्ट' चालत नाही, तिथं 'इरप्ट'. आपला कळसूबाईचा डोंगर, उंची १६४६ मीटर, आणि भोवतालचा सगळा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचा. आपण ज्याला 'उद्रेक' म्हणतो तो हा शब्द. रागाचाही उद्रेक होतो, गर्दीचाही. आणि दाताचे डॉक्टर म्हणतात, सहाव्या वर्षाच्या सुमारास दाढ 'इरप्ट' होते! आहे की नाही गंमत? या शब्दाचं मूळ लॅटिन. त्यात 'रप्ट' म्हणजे मोडलेलं. 'इंटरप्ट' म्हणजे मध्येच बोलणं तोडणं, 'बँकरप्ट' म्हणजे दिवाळं निघालेला, 'करप्ट' म्हणजे मनानं मोडलेला. एक मूळ सापडलं की शब्दांची अख्खी जाळी हाती येते.

'एक्सप्लोड'ची कथा तर आणखी न्यारी. जुन्या रोममध्ये नाटकातला नट वाईट निघाला, की प्रेक्षक टाळ्या पिटून त्याला रंगमंचावरून हाकलून देत. त्या हाकलण्याचा हा शब्द! टाळ्या वाजवण्याचा 'अप्लॉड' त्याच्याच घरातला. आमच्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी पेशवाईत फड गाजवत होते, त्यांच्यावर अशा टाळ्यांची पाळी खचित आली नसणार!

दिवाळीत आपण लिहितो, 'वी बर्स्ट क्रॅकर्स'. इंग्लंडमधल्या मुलाला हे वाचून जरा नवल वाटेल, तो 'लेट ऑफ' म्हणेल. पण भारतात वर्तमानपत्रांपासून सगळीकडे 'बर्स्ट क्रॅकर्स' चालतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. फटाके आपण फोडतो, मग शब्दही आपल्या सोयीचा घ्यायला काय हरकत? ढगफुटीचं मात्र दोन्ही भाषांत जमलंय. 'क्लाउडबर्स्ट'! तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस एखाद्या छोट्या भागात कोसळला, की हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. ढग फुग्यासारखा खरोखर फुटत नाही हं, नुसता तसा भास होतो.

आणि शेवटी 'ब्रेक'कडे परत जाऊ, कारण 'बर्स्ट'ला न जमलेलं बरंच काही त्यानं उचललंय. युद्धाला तोंड फुटलं, 'वॉर ब्रोक आउट'. दरदरून घाम फुटला, 'ही ब्रोक आउट इन अ स्वेट'. सातवी-आठवीतल्या मुलांनो, तुमच्यातल्या कुणाचा आवाज हल्ली घोगरा झालाय, मध्येच चिरकतोय? आजी म्हणते ना, 'याला कंठ फुटला'? तिकडच्या आज्याही जवळपास तेच म्हणतात, 'हिज व्हॉइस हॅज ब्रोकन.' तेव्हा घसा बिघडला म्हणून मिठाच्या गुळण्या करत बसू नका.