जुन्या ट्रॅक्टरची टाकी आणि तिचा आतला लेप

ट्रॅक्टरची इंधनटाकी बाहेरून गंजली तर ते दिसते. आतून गंजते तेव्हा मात्र पहिली खूण बहुधा तुंबलेल्या फिल्टरमध्ये सापडते. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेबरोबर दमटपणा शिरतो, रात्री पत्रा गार झाला की त्याचे थेंब धरतात आणि इंधनाहून जड असलेले हे पाणी तळाशी साचून तेथेच पत्रा खात राहते. डिझेलच्या टाकीत तर पाणी व इंधन यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेली सेंद्रिय आम्ले गंजाला आणखी बळ देतात.

जुन्या कारखानदारांना याची कल्पना होती. वाहनांच्या टाक्यांसाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा पोलादी पत्रा शिसे व कथील यांच्या मिश्रणाने मढवलेला असे. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई असते, तसाच हा मुलामा. मात्र शिसे-कथील लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने मुलाम्याला बारीकसे छिद्र पडले की सारा गंज त्या एका जागी एकवटतो आणि पत्रा आरपार जातो. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते हे खरे, पण डिझेलमधील आम्लांशी संयोग होऊन त्याचे साबणासारखे क्षार बनतात आणि ते फिल्टर व इंजेक्टर तुंबवतात; म्हणून डिझेलसाठी जस्ताचा मुलामा वर्ज्य मानला जातो.

कॉव्हेंट्री येथे 1946 ते 1956 या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या फर्ग्युसन टीई-20 या ट्रॅक्टरची टाकी इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटखाली असते. त्याच्या एका प्रकारात इंजिन पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर रॉकेलच्या जातीच्या स्वस्त इंधनावर वळवावे लागे, आणि त्यासाठी टाकीत पेट्रोलचा छोटा कप्पा वेगळा काढलेला असे. अशी टाकी दुरुस्तीला घेणाऱ्याला दोन्ही कप्पे स्वतंत्रपणे साफ करावे लागतात.

अशा टाकीला आतून गंजरोधक लेप देताना तो ओतणे हे सर्वांत सोपे पाऊल आहे. खरी मेहनत त्याआधीची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के असले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून प्रथम साबणाच्या पाण्याने इंधनाचा अंश पुरता धुऊन काढतात, मग आत साखळी किंवा खडी घालून टाकी हलवतात, म्हणजे सुटी पापुद्री निघते. हट्टी गंजासाठी धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरून, टाकीच्या पत्र्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने आत लोखंडी कांब टांगतात. मग कांब धन टोकाला आणि टाकी ऋण टोकाला जोडून बॅटरी चार्जरचा प्रवाह सोडतात. या विद्युत्-विघटनात हायड्रोजन निघत असल्याने ते उघड्यावरच करावे, आणि कांब स्टेनलेस पोलादाची नसावी, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरू शकते. शेवटी फॉस्फोरिक आम्ल फिरवतात, जे उरलेल्या गंजाचे लोहफॉस्फेटच्या पातळ थरात रूपांतर करते.

येथे घाई नडते. धुतलेल्या कोऱ्या पोलादावर काही मिनिटांतच तांबूस गंज पुन्हा उमटू लागतो, तर ओल राहिलेल्या पत्र्यावर लेप चिकटतच नाही. कोरडी झालेली टाकी लेप ओतून सर्व बाजूंनी सावकाश फिरवतात आणि उरलेला लेप निथळून काढतात, कारण खळग्यात साचलेला जाड थर आतून कच्चाच राहतो. तोटीच्या आट्यांत ग्रीस लावलेला बोल्ट बसवला नाही, तर लेप तेथेच घट्ट होऊन तोटी पुन्हा बसत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये काही जुने लेप विरघळून चिकट गोळे होतात. त्यासाठी दोन घटक मिसळून घट्ट होणारा, इंधनास टिकणारा इपॉक्सी लेप अधिक विश्वासार्ह ठरतो. महाराष्ट्रातील जुने ट्रॅक्टर बहुतेक डिझेलवर चालणारे असल्याने तेथे मुख्य प्रश्न पाण्याचाच आहे, आणि त्यावर हंगाम संपताच टाकी काठोकाठ भरून ठेवणे व तळाचे पाणी वेळोवेळी सोडणे हा लेपाहून स्वस्त उपाय आहे. सुस्थितीतील टाकीला केवळ हौसेने लेप देणे तर शहाणपणाचे नाहीच: सुटलेला लेप काढण्यासाठी जहाल द्रावक वापरावे लागतात, आणि टाकीच्या आतील आडव्या पडद्यांमागे अडकलेल्या त्याच्या पापुद्र्या गंजाइतक्याच चिवटपणे फिल्टरकडे येत राहतात.