खाजणातील झाडोऱ्याचे वजन आकाशातून



गावाचा उतारा ठरवताना सरकारी माणसे शेतात ठराविक मापाचा चौकोन आखतात. तेवढेच पीक कापून, मळून तोलतात आणि त्यावरून साऱ्या गावाचा अंदाज बांधतात. समुद्रकाठच्या खाजणातील झाडोऱ्याचा अंदाजही असाच काढतात. पण तेथे चिखल खोल आणि भरती दिवसातून दोनदा. सारे खाजण पायी तुडवणे शक्य नाही. म्हणून उपग्रहाची मदत घेतात.

आपल्या हैदराबादेत बालानगरला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आहे. १९७४ साली सुरू झालेली ही संस्था २००८ पासून इस्रोचा भाग आहे. उपग्रहांनी टिपलेली चित्रे जवळच शादनगरला उतरतात. ‘रिसोर्ससॅट’च्या एका कॅमेऱ्याच्या चित्रात एक ठिपका म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे जमीन.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून झाडोरा दाट की विरळ हे कळते. परंतु उपग्रह काही तोलत नाही! कोणीतरी चिखलात उतरून ठिकठिकाणी चौकोन आखावे लागतात. तेथील झाडोरा कापून, वाळवून तोलावा लागतो. ते वजन ठिपक्यांशी जुळवले, म्हणजे उरलेल्या खाजणाचा हिशेब लागतो.

यात चुकाही होतात. भरतीच्या वेळी चित्र घेतले, तर पाणी अवरक्त प्रकाश गिळते आणि दाट गवतही विरळ भासते. झाडोरा फारच दाट असला, तर एका मर्यादेनंतर आकडा वाढत नाही. मुळे तर दिसतच नाहीत. आणि खाजणात पुष्कळदा जमिनीवरच्यापेक्षा जमिनीखालचा भार अधिक असतो. चिखल धरून ठेवतात ती हीच मुळे.

३० जुलै २०२५ रोजी सोडलेला ‘निसार’ उपग्रह रडारच्या लहरींनी ढगांआडूनही पाहतो. तरी जमिनीवरचा काटा लागणारच.

हे आपण का जाणावे? नकाशात फिके दिसले म्हणून खाजण पडीक ठरवून त्यावर भराव टाकला, तर भरतीचे पाणी जाईल कोठे? शेजारच्या खारभातातच. म्हणून वसई, पेण, अलिबागकडे ज्यांची खारजमीन आहे, त्यांनी पाहणीला आलेल्यांना भरतीची वेळ, गुरे चरण्याची जागा, गवत कापल्याचा महिना आवर्जून सांगावा. ही माहिती आकाशातून दिसत नाही.