सॉफ्टवेअर काढले, पण पैसे कापणे थांबले का?

समजा, जयनगरात तुमचे छोटे दुकान आहे. पत्रे आणि हिशेब लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणी म्हणून खात्यातून दरमहा 500 रुपये आपोआप जातात. वर्षाचे झाले 6,000. हेच काम 2010 पासून मोफत मिळणारे लिब्रेऑफिस करते. ते मराठीतही आहे.

मात्र घाई करू नका. आधी फायलींची प्रत वेगळी ठेवा. महिनाभर दोन्ही वापरून पाहा, कारण जुन्या फायलींची मांडणी कधी कधी बिघडते. मग वर्गणी बंद करा आणि बँकेतील ई-मँडेटही रद्द करा. नुसते सॉफ्टवेअर काढून टाकल्याने कपात थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना येते, ती वाचा.

वाचलेले 500 रुपये त्याच तारखेला आवर्ती ठेवीत भरा.