बांधांत सांपडलेला विलायती चाकू

गेल्या वैशाखांत बांधाची माती ओढतांना आमच्या गड्यास दोन पात्यांचा एक गंजका विलायती चाकू सांपडला. त्यानें तो विटेच्या भुकटीनें घासावयास घेतला, आणि आम्हीं, खेदाची गोष्ट, त्यास थांबविलें नाहीं. कारखान्याचे ठसे पात्याच्या मुळाशीं, मुठीलगतच्या धार नसलेल्या भागावर असतात, हें आम्हांस मागाहून कळलें. तेल लावून भिंगाखालीं धरतां एक तारा व माल्टाचा क्रूस दिसला. ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या कारखान्याची खूण होय. शेजारीं मुकुट, त्याच्या उजवीकडे 'आर'. डावीकडचें अक्षर मात्र विटेनें खाल्लें! तें 'व्ही' असतें तर चाकू राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ च्या काळांतला ठरता. 'जी' असतें तर एखाद्या जॉर्ज बादशहाच्या. गंजावरून निकाल लागत नाहीं. न गंजणारें पोलाद शेफील्डमध्येंच १९१३ सालीं निघालें खरें, पण साध्या पोलादाचे चाकू त्यानंतरही होतच राहिले. 'इंग्लंड' हा शब्द असता, तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा मानतां आला असता, कारण अमेरिकेच्या जकातीच्या कायद्यानें त्या सालापासून परदेशी मालावर देशाचें नांव घालणें भाग पडलें. तोही घासला गेला असेल.

धाकटें पातें गंजून मिटलेलेंच आहे. त्याच्या सांध्यांत आम्ही रोज तेलाचे दोन थेंब सोडतों. विटेची भुकटी कुलुपांत आहे.