मत्स्यपेटीसाठी फिल्टर कसा निवडावा?

अलीकडे तालुक्याच्या गावीसुद्धा दिवाणखान्यातून मत्स्यपेट्या दिसू लागल्या आहेत. रंगीत मासे पाहून मन प्रसन्न होते, हे खरेच. परंतु यांपैकी कित्येक पेट्या दोन महिन्यांतच रिकाम्या होऊन माळ्यावर जातात. ‘मासे आम्हांला लाभत नाहीत’, असे मग लोक म्हणतात. कॉलेजची फी भागावी म्हणून मी संध्याकाळी शोभिवंत माशांच्या एका दुकानात काम करतो. तेथे हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. वास्तविक येथे लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नसतो. बहुतेक वेळा फिल्टरचे खरे काम कोणते, हेच आपल्याला ठाऊक नसते.

फिल्टर म्हणजे पाणी नितळ करणारी गाळणी, अशी आपली समजूत असते. कचरा अडवणे हे त्याचे काम आहेच, पण ते दुय्यम होय. मासा जे खातो त्यातून तयार होणारा अमोनिया तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. शिल्लक राहिलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. हे विष पाण्यात विरघळलेले असते; ते डोळ्यांना दिसत नाही आणि कापडाने गाळता येत नाही. म्हणूनच पाणी आरशासारखे स्वच्छ असूनही मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात. नदीतला मासा वाईट पाणी सोडून पुढे जाऊ शकतो. पेटीतल्या माशाला ती सोय नाही.

या विषावर उतारा निसर्गानेच ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते; नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते. जमिनीत ही क्रिया अशा दोन टप्प्यांत चालते, हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. शेतात खताचे जे होते, तेच पेटीतही घडते. फिल्टरमधला स्पंज किंवा सिरॅमिकचे तुकडे हे या जिवाणूंचे घर होय.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर कामगार आहेत. शुद्ध पाणी म्हणजे जंतू मारलेले पाणी, हा त्यांचा रोजचा अनुभव, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तो योग्यच आहे. मत्स्यपेटीत मात्र जिवाणू जगवायचे असतात, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली.

आता निवडीकडे वळू. प्रथम पेटीचे माप घ्यावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावते. तासाभरात चार ते सहा वेळा सगळे पाणी फिल्टरमधून फिरावे, असा मोटरच्या फिल्टरबाबत ढोबळ हिशेब आहे. म्हणजे येथे ताशी २०० ते ३०० लिटर. खोक्यावरचा आकडा बहुधा आत स्पंज नसतानाचा असतो, म्हणून थोडा मोठा फिल्टर घ्यावा.

दुसरे म्हणजे मासे कोणते, हे पाहावे. थोडे गप्पी किंवा टेट्रा असतील, तर एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो आणि तोच सर्वांत स्वस्त पडतो. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही, त्यालाही हाच बरा. गोल्डफिश मात्र फार घाण करतो. त्याला पेटी मोठी हवी आणि मागच्या काचेला टांगायचा किंवा कॅनिस्टर फिल्टरही मोठाच हवा.

तिसरी गोष्ट विजेची. बिल वाढेल म्हणून पुष्कळ जण रात्री फिल्टर बंद करतात. तीन वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला, तरी दोन युनिटांच्या थोडीच वर वीज लागते. उलट पाणी फिरायचे थांबले की प्राणवायूअभावी जिवाणू मरू लागतात. वीज वारंवार जात असेल, तेथे बंद डब्याच्या कॅनिस्टरपेक्षा उघड्या पाण्यातला स्पंज अधिक तग धरतो. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येते.

फिल्टर आणला त्याच दिवशी तो कामाला लागत नाही. जिवाणूंची वसाहत बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे मोजके ठेवावेत, खाद्य बेताचे घालावे. एखाद्या मित्राच्या निरोगी पेटीतला वापरता स्पंज मिळाल्यास काम लवकर होते. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, कारण क्लोरिनने जिवाणू मरतात. पेटीतून काढलेल्याच पाण्यात तो हलका पिळावा. नायट्रेट फिल्टरने जात नाही, म्हणून आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेले असावे.

दुकानात आलेले गिऱ्हाईक आधी मासे पसंत करते, मग पेटी, आणि उरलेल्या पैशांत फिल्टर मागते. माझी वाचकांना एवढीच विनंती की, हा क्रम उलटा करावा. आधी फिल्टर घेऊन महिनाभर धीर धरावा. मासे त्यानंतर आणावेत.