टवका पत्र्यापर्यंत गेला का?

पार्ले पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या बाजूच्या एका गल्लीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. कॅम्पर व्हॅन आत मावत नाही, म्हणून तिचं काम बाहेर भिंतीलगत चालतं. गाडी मूळची फोर्सची ट्रॅव्हलर. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतलेली. पावसाआधी रंगाचे टवके बुजवून घ्यावेत म्हणून मे संपता संपता आम्ही ती तिथे उभी केली. कोकणातून आलेली गाडी म्हटल्यावर गॅरेजच्या मिस्त्रींनी जास्त काही विचारलं नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. तेव्हापासून उखडलेले पट्टे, तात्पुरती वळणं, डांबराविना पसरलेली काळी खडी आणि पुढे धावणारे डंपर त्यांच्या धंद्याला चांगलेच परिचयाचे आहेत.

त्यांनी आधी गाडी धुवायला लावली. चिखल आणि चिकटलेले किडे असताना टवका कुठला आणि डाग कुठला, हे कळत नाही. मग सिलिकॉन आणि मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसून घेतलं, कारण पॉलिशचा अंश उरला तर नवा रंग धरत नाही. त्यानंतर ते तळहात सपाट ठेवून पुढच्या भागावरून सावकाश फिरवत गेले. बॉनेटची पुढची कड, हेडलाइटच्या भोवतालचा भाग, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि काचेवरचा छपराचा पट्टा, इथे हात अडत होता.

कॅम्परला हा त्रास जास्त होतो, त्याला कारण आहे. बसक्या मोटारीवर खडा तिरका लागून निसटतो. उंच गाडीच्या उभ्या तोंडावर तो जवळजवळ काटकोनात बसतो. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते: ताशी ४० किलोमीटरला नुसता आवाज करणारा खडा ८०ला रंग उडवतो. चाकांमागच्या पत्र्यावर तर गाडीचेच टायर खडे मारत असतात.

मिस्त्रींनी प्रत्येक टवक्यात नख घालून पाहिलं, आणि खडूने काहींच्या भोवती गोल काढले. बरेचसे तसेच सोडले.

“हे राहिले,” मी म्हटलं.

“राहू द्या साहेब. त्यात प्रायमर दिसतोय, पत्रा नाही. पैसे त्या गोलांवर घाला.”

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढे. सर्वांत खालचा थर फॉस्फेट केलेल्या पत्र्याला विजेच्या साहाय्याने, सबंध सांगाडा टाकीत बुडवून दिलेला असतो. पत्र्याचा खरा राखणदार तोच, आणि गल्लीतल्या गॅरेजात तो पुन्हा देता येत नाही. वरचा रंग कितीही सुंदर लावा, तो शोभेचा. म्हणून राखाडी प्रायमरपाशी थांबलेला टवका दिसायला वाईट असला तरी तूर्त निरुपद्रवी असतो. धातू चमकला की काम सुरू.

पत्रा उघडा पडला की हवा आणि पाणी मिळून तो गंजतो, आणि मीठ हे काम वेगाने करवून घेतं. पार्ल्याच्या पश्चिमेला जुहूचा समुद्र आहे. खारी हवा रोजचीच. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो शेजारच्या चांगल्या रंगाला खालून उचलतो. उचललेल्या रंगाखाली पाणी साचतं आणि पुन्हा गंज चढतो. दोन मिलिमीटरचा टवका पावसाळ्यानंतर फुगा होऊन दिसतो, तो असा. काचेच्या वरचा टवका सर्वांत घातक, कारण तिथलं पाणी रबराच्या पट्टीमागे जातं आणि गंज बाहेरून दिसतच नाही.

मग खरवडणं सुरू झालं. आधी ब्लेडच्या टोकाने सुटलेली कड उचलली. टवका मोठा झाला, पण घट्ट धरलेला रंग लागेपर्यंत मिस्त्री थांबले नाहीत. आत बारीक पॉलिश पेपरची टोकदार घडी फिरवून गंज काढला. खड्डेच पडलेल्या जागी फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावलं. धातू उजळल्यावर हार्डनर मिसळलेला इपॉक्सी प्रायमर, ब्रशने नव्हे, काडीच्या टोकाने. ब्रश कडेबाहेर जातो, आणि मग उंचवटा घासावा लागतो. प्रायमर वाळल्यावर रंगाचे पातळ थर, मध्ये मध्ये वाळू देत. एकदमच भरलेला जाड थेंब वरून कडक होतो, आत ओला राहतो आणि नंतर खाली बसतो. रंग आजूबाजूपेक्षा किंचित उंच झाला की पुरेसा मुरू द्यायचा, २००० नंबरच्या पेपरने साबणाच्या पाण्यात हलका घासायचा, वर कंपाउंड. व्यावसायिक गाड्यांच्या साध्या पांढऱ्यावर बऱ्याचदा वेगळा क्लिअर कोट नसतो, त्यामुळे हे घासणं थेट रंगावरच होतं. तिथे घाई चालत नाही.

शेडचा घोळ निराळाच. मुंबईत रंगाचा धंदा जुना आहे: आजची कन्साई नेरोलॅक १९२०मध्ये लोअर परळला सुरू झाली, एशियन पेंट्स १९४२मध्ये गिरगावच्या गायवाडीत. दुकानदार कोड पाहून ग्रॅममध्ये मोजून रंग मिसळून देतो. पण आमची गाडी इमारतीखाली मावत नाही म्हणून झाडाखाली, उन्हात आणि कावळ्यांच्या विष्ठेत उभी असते. तिचा पांढरा कोडमधल्या पांढऱ्यापासून केव्हाच सरकलेला. मिस्त्रींनी डब्यात पिवळ्याचा एक थेंब आणि काळ्याचा त्याहून बारीक थेंब टाकला, पुठ्ठ्यावर फटकारा ओढला आणि तो पुठ्ठा घेऊन उजेडात गेले. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग दिवसाउजेडी वेगळा पडू शकतो.

चाकामागचा एक पट्टा मात्र इतका उडाला होता की तिथे स्प्रे गन चालवावी लागली. पार्ल्यात गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे. सिमेंटची धूळ ओल्या रंगावर बसते. त्यासाठी जमिनीवर पाणी मारून घेतलं, काम सकाळी लवकर उरकलं. पाऊस सुरू झाला की दमट हवेची अडचण. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि साधा लॅकर पांढुरका पडतो. मंद थिनर वापरला की ते थोडं आवरतं. दोन घटकांच्या रंगांचं दुखणं आणखी गंभीर. त्यांच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटच्या फवाऱ्याने पेंटरला कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हा त्यावरचा खरा उपाय, आणि अशा गल्ल्यांत बहुतेकांच्या तोंडाला रुमालच असतो. स्वस्त कामाची किंमत कोण देतं, हे त्या रुमालावरून कळतं.

विम्याचा विषय मीच काढला. टवक्यांसाठी दावा केला तर नो क्लेम बोनस जातो, आणि तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो; हिशेब बसत नाही. पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म खडा झेलते, पण सबंध तोंडाला ती लावायची तर खर्च मोठा. मिस्त्रींनी मधला मार्ग सांगितला: फिल्म फक्त काचेवरच्या पट्ट्याला आणि बॉनेटच्या कडेला, चाकांमागे लांब मडफ्लॅप, आणि समोर डंपर असला तर मागे राहायचं.

उरलेला पांढरा त्यांनी छोट्या बाटलीत भरून दिला. सोबत हार्डनर न लागणाऱ्या प्रायमरची आणखी एक बाटली. सगळे टवके बुजवून हवे होते, हे मी पुन्हा बोलून दाखवलं.

“दिवाळीत परत कोकणात जाणार ना? मग परत उडणार,” ते म्हणाले. “वाटेत पत्रा दिसला तर त्याच संध्याकाळी पुसा, सुकवा आणि प्रायमरचा ठिपका लावा. रंगाचं मी नंतर बघतो.”